नजरेनं गेम खेळायचे आहेत, सुरुवात कुठून करावी? (डुशेन, वय १६)

जिंतूरकर_काका

नमस्कार मंडळी. पुतण्यासाठी विचारायलो. वय १६, डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू कमजोर होत जाणारा आजार). हात उचलत नाहीत, उजवा अंगठा मात्र थोडासा दाबता येतो. मान मागं टेकवूनच बसावं लागतं. रात्री बायपॅप (श्वासाला मदत करणारं मास्कचं यंत्र) असतं, दिवसा नाही. नजर चांगली आहे, साधा एका नंबरचा चष्मा आहे. मोबाइलवर क्रिकेटचे गेम खेळायचा, आता बोटं पोचत नाहीत म्हणून बंद झालं.

घरात १५.६ इंची लॅपटॉप आहे, विंडोज ११, आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर भागतं का, की वेगळं यंत्र घ्यावंच लागतं? घ्यायचं तर कोणतं? त्याला क्रिकेट, बुद्धिबळ आणि माइनक्राफ्ट (ठोकळ्यांचं जग बांधायचा गेम) तिन्ही पाहिजेत, तर आधी काय लावून द्यावं? आमच्याकडं लाईट जाते, उन्हाळ्यात कुलर दिवसभर चालू असतो, त्यानं काही बिघडतं का? जरा नेमकं सांगा, पैसे एकदाच खर्च करता येतील.

नांदेड_ओटी

काका, यंत्र घेण्याआधी एक हिशेब समजून घ्या, पुढचे सगळे निर्णय त्यावरच होतील. नजर टिपणाऱ्या यंत्राची चूक सेंटिमीटरमध्ये नसते, कोनात असते. चांगल्या यंत्राची, नीट कॅलिब्रेशन (ठिपके बघून यंत्राला आपल्या नजरेची ओळख करून देणं) केल्यावर, अर्धा ते एक अंश धरा. डोळ्यापासून पडद्याच्या अंतराला ५७ नं भागलं की एक अंश म्हणजे पडद्यावर किती ते निघतं. ६० सेंमीवर साधारण १ सेंमी. म्हणजे तो एका बटणाच्या बरोब्बर मध्यावर बघतोय आणि संगणकाला वाटतंय की तो एक सेंमी बाजूला बघतोय. म्हणून २ सेंमीपेक्षा लहान बटण जमत नाही, ३ सेंमी असेल तर निवांत जमतं. गेम अवघड का सोपा हे नंतर बघा. त्यातली बटणं पट्टीनं मोजून किती मोठी भरतात ते आधी बघा.

आता कॅमेऱ्याचं. लॅपटॉपच्या साध्या कॅमेऱ्यावर नजर ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, पण त्यांची चूक कितीतरी जास्त असते आणि मान जरा हलली की सगळं सरकतं. पडद्याचा डावा भाग की उजवा, एवढं कळायला ती ठीक. बुद्धिबळाच्या घरासाठी नाहीत. ईव्हायाकॅम किंवा कॅमेरा माऊस ही मोफत सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण ती डोळ्यावर नाही, डोक्याच्या हालचालीवर चालतात. डुशेनमध्ये मानेचे स्नायूही कमजोर होतात, त्यामुळं पुतण्यासाठी ती नकोत.

खर्च करण्याआधी एक चाचणी फुकटात होते. ओळखीत कुणाकडं आयफोन १२ किंवा त्यानंतरचा असेल आणि त्यात आयओएस १८ किंवा त्यापुढचं असेल, तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथं आय ट्रॅकिंग चालू करा. फोन हातात धरू नका, चेहऱ्यासमोर दीड फुटावर स्टँडवर पक्का ठेवा. ठिपके बघून कॅलिब्रेशन होतं. मोठ्या बटणावर नजर एक-दोन सेकंद ठरवता येते का आणि वैतागून डोळे मिटावेसे वाटतात का, एवढंच त्यात बघायचं. फोनवर जमलं नाही म्हणून यंत्रावर जमणार नाही असं मात्र समजू नका, यंत्र पुष्कळ अचूक असतं.

यंत्र म्हणाल तर गेमसाठी टोबी आय ट्रॅकर ५. पडद्याच्या खालच्या कडेला लावायची पट्टी आहे, यूएसबीवर चालते, विंडोज १० आणि ११ वर. चेहरा ४५ ते ९५ सेंमीवर चालतो, पडदा २७ इंचांपर्यंत. किंमत २०० ते ३०० डॉलरच्या मधली, वरून आयात शुल्क आणि कुरिअर. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: त्याच्यासोबतचं सॉफ्टवेअर हातानं खेळणाऱ्यांसाठी आहे, त्यानं माऊस चालत नाही. माऊससाठी ऑप्टिकी नावाचं सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं, ते मोफत आहे. त्याच घराण्यातली टोबी डायनाव्हॉक्सची यंत्रं बोलण्यासाठी आणि पूर्ण संगणक चालवण्यासाठी बनवलेली असतात, फार महाग पडतात. मुलाला बोलता येत असेल आणि मुख्य हेतू खेळ असेल, तर त्यांची गरज नाही.

बसवायचं कसं, इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात. पडद्याचा पृष्ठभाग आणि चेहरा एकमेकांना समांतर पाहिजेत. तो ३० अंश मागं रेलून बसत असेल तर पडदाही वरून तेवढाच पुढं झुकलेला हवा. लॅपटॉप टेबलावर ठेवून त्याला वाकून बघायला लावलं तर पापण्या खाली येतात, बाहुली झाकते आणि यंत्राला डोळाच दिसत नाही. टेपनं मोजून ५५ ते ६५ सेंमीवर ठेवा. डोळ्यांची रेषा पडद्याच्या मधोमध किंवा बोटभर वर. जवळ आणलं की चूक लहान होते, पण ४५ च्या आत यंत्र आंधळं होतं.

१५.६ इंचाचा लॅपटॉप सुरुवातीला चालेल. पुढं जमलं तर २४ इंची मॉनिटर घ्या, त्यानं फार फरक पडतो. १५.६ इंची पडद्याची उंची साधारण १९ सेंमी. त्यात बुद्धिबळाचा पट १६ सेंमीचा बसतो, एक घर २ सेंमीचं. २४ इंचीवर पट २६ सेंमीचा, घर सव्वातीन सेंमीचं. तेच यंत्र, तोच मुलगा, पण चुकीचे क्लिक एकदम कमी होतात.

सोल्डर_लातूर

वरच्या सगळ्याशी सहमत. पण काका, तुम्ही एका ओळीत सांगितलेली गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोलाची आहे: अंगठा दाबता येतो. मग नजरेनंच क्लिक करायच्या मागं लागू नका. कुठं ते डोळ्यानं ठरवायचं, कधी ते अंगठ्यानं. नजर रोखून क्लिक होण्यात अर्धा-एक सेकंद जातो आणि नुसतं बघितलं तरी क्लिक होऊन बसतं. अंगठ्याच्या बटणानं या दोन्ही अडचणी मिटतात. क्रिकेटमध्ये तर वेळ हाच खेळ आहे, तिथं बटण लागणारच.

बाजारात तयार स्विच महाग मिळतात. गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा हे तासाभरात करून देईल. सामान: साधा वायरचा यूएसबी माऊस, ३.५ मिमीचं मोनो सॉकेट आणि मोनो पिन, लांब पत्तीचा मायक्रोस्विच, मीटरभर बारीक दोन तारी वायर.

माऊस उलटा करा, स्क्रू बहुतेक स्टिकरखाली किंवा पायाच्या गादीखाली लपलेला असतो. आत डाव्या क्लिकखाली काळा चौकोनी स्विच दिसेल, त्याला तीन पाय. मल्टिमीटर बीपवर ठेवा. न दाबता बीप नाही आणि दाबल्यावर बीप येतो अशी पायांची जोडी शोधा. त्या दोन पायांवर एकेक तार डागायची, तारांची दुसरी टोकं मोनो सॉकेटला. माऊसच्या बाजूला भोक पाडून सॉकेट बसवा आणि डागणीवर ग्लूगनचा थेंब टाका, नाहीतर वायर ओढली की पाय उपटतो. डावं बटण तसंच चालू राहतं, ही नुसती समांतर वाट झाली. चुकून स्टिरिओ सॉकेट आणलं असेल तर टोकाचा आणि बुडाचा संपर्क वापरा, मधला सोडा.

माऊसच्या पोटाला सेन्सरवर कागदाचा तुकडा चिकटवून टाका. कागद माऊसबरोबरच हलतो, त्यामुळं सेन्सरला हालचाल दिसत नाही आणि माऊस टेबलावर सरकला तरी बाण पळत नाही. हे केलं नाही तर डोळा एकीकडं ओढतो, माऊस दुसरीकडं.

आता मीटरभर वायरच्या एका टोकाला मायक्रोस्विच डागा, दुसऱ्या टोकाला मोनो पिन, आणि ती पिन माऊसच्या सॉकेटमध्ये घाला. मायक्रोस्विचची पत्ती जेवढी लांब, तेवढा दाब कमी लागतो, म्हणून लांब पत्तीचाच मागा. तो फोमच्या तुकड्यावर बसवा आणि हात ठेवायच्या जागी वेल्क्रोनं लावा. अंगठा न उचलता दोन-तीन मिमी दाबला की टिक वाजलं पाहिजे. अंगठ्याचं वजन पडूनच दाबलं जात असेल तर स्विच जरा खाली घ्या. कडक कडा कातडीला लागू देऊ नका. ज्याला हात हलवून जागा बदलता येत नाही त्याला तिथं लगेच लाल होतं, दर खेळानंतर बघत जा.

हीच पिन पुढं एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलरलाही (अपंग खेळाडूंसाठीचा गेम कंट्रोलर) चालते, त्याच्या मागं ३.५ मिमीची रांगच आहे. पण आत्ता तो घेऊ नका, गरज नाही.

बीडचा_गेमर

सॉफ्टवेअर आणि खेळांचा क्रम मी सांगतो.

यंत्र लॅपटॉपच्या यूएसबीत सरळ लावा, स्वस्त हबमध्ये (एका यूएसबीच्या अनेक जागा करणारा डबा) नको. हबमधून वीज कमी पडली की यंत्र मधेच बंद-चालू होत राहतं आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. आधी टोबीचं सॉफ्टवेअर टाका, पडद्याचा आकार आणि पट्टीची जागा बरोबर सांगा, मग कॅलिब्रेशन. कॅलिब्रेशन त्याच्याच डोळ्यांनी, त्याच जागी, त्याच चष्म्यानं. घरातल्या कुणी "आधी मी बघतो कसं असतं ते" म्हणून केलं असेल तर ते बाजूला ठेवून त्याच्या नावानं वेगळं प्रोफाइल करा. झाल्यावर नजरेचा ठिपका दाखवायची सोय चालू करून चारी कोपरे बघायला सांगा. ठिपका कोपऱ्यापासून दोन बोटांपेक्षा लांब राहत असेल तर पुढं जाऊ नका, परत करा.

मग ऑप्टिकी माऊस. व्यवस्थापनाची खिडकी ऑल्ट आणि एम दाबून उघडते. तिथं नजरेचा स्रोत म्हणून टोबी निवडा. निवड कशानं करायची या ठिकाणी सुरुवातीला नजर रोखणं ठेवा, लातूरच्या भाऊंचा स्विच तयार झाला की माऊसचं बटण करा. नजर रोखायची वेळ १००० ते १२०० मिलिसेकंदांपासून सुरू करा. चुकीचे क्लिक कमी झाले की १०० नं उतरवत न्या.

विंडोजमध्येही २०१७ पासून स्वतःची नजर-नियंत्रणाची सोय आहे, टाइप करायला आणि खिडक्या उघडायला बरी. पण ती आणि ऑप्टिकी एकाच वेळी चालू ठेवू नका, दोघंही बाणाला ओढतात.

आणखी एक, सूचना बंद करा. व्हॉट्सॲप, अपडेट, अँटिव्हायरस, सगळ्या. हलणाऱ्या वस्तूकडं डोळा आपोआप जातो, तो काही त्याच्या हातात नाही. कोपऱ्यात सूचना उगवली की नजर तिकडं, आणि नजर तिकडं म्हणजे क्लिक तिकडं. जाहिराती नाचणाऱ्या गेमच्या साइट याच कारणानं टाळा.

पहिल्या दोन-चार बैठकांत ज्यात हरणं नाही असेच खेळ लावा. मायक्रोसॉफ्टचे आयज फर्स्ट नावाचे चार मोफत खेळ आहेत: फरशा सरकवणं, जोड्या लावणं, आकडे दुप्पट करत नेणं आणि चक्रव्यूह. मुळातच नजरेसाठी बनवलेले, बटणं मोठी, घड्याळ नाही. इंग्लंडची स्पेशलइफेक्ट नावाची संस्था आहे, २००७ पासून अपंग खेळाडूंसाठीच काम करते. त्यांची नजरेनं खेळायच्या खेळांची वेबसाइट ब्राउझरमध्ये चालते, तीही मोफत.

त्यानंतर लगेच बुद्धिबळ. हा नजरेसाठी सगळ्यात उत्तम खेळ आहे असं माझं ठाम मत आहे. समोरच्याला कळतही नाही की तुम्ही हातानं खेळताय का डोळ्यानं, आणि हार-जीत निव्वळ डोक्यावर ठरते. लिचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट मोफत आहे, जाहिराती नाहीत. त्याच्या सेटिंगमध्ये सोंगटी ओढण्याऐवजी "दोन घरांवर क्लिक" असा पर्याय आहे, तो निवडा, कारण नजरेनं ओढणं फार त्रासाचं. चाल पक्की करण्याआधी विचारणारा पर्यायही चालू करा, म्हणजे वजीर चुकून फुकट जात नाही. पट कोपऱ्याला धरून मोठा करता येतो. आधी संगणकाशी, विनाघड्याळ. मग माणसांशी दिवसांच्या हिशेबानं चालणारे डाव. पाच मिनिटांचे डाव स्विच जमल्यावरच.

क्रिकेटसाठी गुगलचं २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीचं डूडल शोधा, अजूनही त्यांच्या संग्रहात खेळता येतं. बॅट फिरवायचं एकच बटण. बाण त्या बटणावर नेऊन ठेवायचा, ऑप्टिकीत नजरेनं माऊस हलवणं थांबवायचं, आणि पुढं फक्त अंगठा. डोळे मोकळे राहतात, चेंडू बघता येतो. मोठे क्रिकेट गेम, ज्यात फटका, दिशा, पाय आणि वेळ सगळं एकदम लागतं, ते सध्या बाजूला ठेवा.

माइनक्राफ्टसाठी स्पेशलइफेक्टचंच आयमाइन नावाचं सॉफ्टवेअर आहे, मोफत, ऑप्टिकीवरच उभं केलेलं. खेळ मात्र जावा एडिशनचा विकत घ्यावा लागतो. आयमाइनला जोडून मॉड (खेळात घालायची जोड-फाइल) मिळतो. तो माइनक्राफ्टच्या ज्या आवृत्तीसाठी आहे, लाँचरमध्ये नेमकी तीच आवृत्ती निवडा, नाहीतर गेम उघडतानाच बंद पडतो. पहिलं जग क्रिएटिव्ह (नुसतं बांधायचं), सपाट, पीसफुल (राक्षस नसलेलं). रात्रीचे राक्षस मागं लागले की नजर घाबरून इकडंतिकडं पळते आणि काहीच शिकून होत नाही.

हिंगोली_टेक

चांगली माहिती. एकच सुचवतो, नजर रोखायची वेळ सरळ ५०० वर ठेवली तर खेळ भराभर चालतो. १२०० म्हणजे फारच संथ वाटतं, पोरं कंटाळतात.

नांदेड_ओटी

हिंगोलीकर, सरावलेल्या माणसाला ५०० जमतं. नव्या माणसाला नको, त्याचं कारण सांगते. एखादी गोष्ट ओळखायलाच डोळा तिच्यावर दोन-तीनशे मिलिसेकंद थांबतो, कधी त्याहून जास्त. ५०० वर ठेवलं की वाचण्यात आणि क्लिक करण्यात फरकच उरत नाही, जिथं विचार करायला थांबला तिथं क्लिक. मग मूल बघायलाच घाबरतं, नजर पडद्याबाहेर नेऊन ठेवतं. एकदा ही सवय लागली की मोडणं कठीण. कंटाळा संथपणाचा येतोच, पण चुकीच्या क्लिकचा त्याहून जास्त येतो.

काका, एकसारखी वेळ दिवसभर ठेवायचीही गरज नाही. संध्याकाळी दमल्यावर २०० नं वाढवा. बैठक १० ते १५ मिनिटांची, मग डोळे मिटून विश्रांती. पडद्यावर "थांबा"ची मोठी जागा कायम ठेवा, ऑप्टिकीत झोपवायची कळ आहे. त्याला कुणाला न विचारता खेळ थांबवता आला पाहिजे, हे मी फार महत्त्वाचं मानते. डोकेदुखी, डोळ्यांत पाणी, दोन-दोन दिसणं असं झालं तर त्या दिवशी बंद. फिट येण्याचा इतिहास असेल तर झगमगाटाचे गेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

धाराशिवची_ताई

काका, खर्चाबद्दल थोडं. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. लेखी अर्ज, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) प्रत, यंत्राचं दरपत्रक आणि थेरपिस्टचं शिफारसपत्र जोडून द्या, पोच घ्या. शिफारशीत "गेम" एवढंच लिहू नका. याच यंत्रानं तो टाइप करणार, अभ्यास करणार, दहावीनंतरचं कॉलेज ऑनलाइन बघणार, हेही खरंच आहे, ते लिहा.

जिंतूरकर_काका

सगळ्यांचे आभार. यंत्र ओळखीच्यांकडून काही दिवसांसाठी मिळालंय, माऊसचा स्विचही झाला. पण तीन अडचणी आल्यात. एक, संध्याकाळी झकास चालतं आणि सकाळी ठिपका नाचतो, कधी गायबच होतो. दोन, पडद्याच्या खालच्या ओळीतलं काहीच लागत नाही, वरचं लागतं. तीन, लाईट जाऊन इन्व्हर्टरवर आलं की यंत्र बंद पडतं. आणि ते इन्फ्रारेड दिवसभर डोळ्यांवर पडतं त्याचं काय, त्याची आई विचारायली.

नांदेड_ओटी

आईंच्या प्रश्नापासून. यंत्र डोळ्यांवर अगदी मंद इन्फ्रारेड प्रकाश टाकतं आणि बुबुळावर उमटलेल्या त्याच्या चमकेवरून नजर ओळखतं. त्याची शक्ती फार कमी असते, दिव्यांच्या सुरक्षिततेच्या मानकांत बसणारी. आपल्याकडच्या उन्हात त्याच्या कितीतरी पट इन्फ्रारेड असतं. आणि तुमच्या सकाळच्या अडचणीचं मूळही तेच ऊन असणार. खोलीची खिडकी किंवा दार पूर्वेला आहे का बघा. सकाळचं ऊन चेहऱ्यावर, चष्म्यावर किंवा पत्र्याच्या दारावर पडून परत आलं की यंत्राला स्वतःची चमक वेगळी ओळखू येत नाही. पातळ पडद्यानं भागत नाही, त्यातून इन्फ्रारेड आरपार येतं. जाड सतरंजी किंवा गोधडी टांगा, नाहीतर खाटेचं तोंड फिरवा, म्हणजे खिडकी त्याच्या पाठीशीही नको आणि तोंडासमोरही नको, बाजूला राहील. खोलीत जुना पिवळा बल्ब असेल तर तोही बदला, त्यातून इन्फ्रारेड निघतं. एलईडी ट्यूब चालते.

चष्म्याच्या काचा दर बैठकीआधी पुसा. आपल्याकडच्या धुळीचा थर काचेवर बसला की चमक पसरते. यंत्राची काळी पट्टीसुद्धा कोरड्या मऊ फडक्यानं पुसा.

कुलरचं तुम्ही पहिल्यांदाच विचारलं होतं. त्याचा वारा सरळ तोंडावर नको. डोळे कोरडे पडतात, मग मुलगा सारखी पापणी मिटतो, आणि पापणी मिटली की नजर तुटते, धरलेली वेळ पुन्हा शून्यापासून. कुलर पायाकडून लावा.

खालच्या ओळीचं कारण बहुतेक पापण्याच. खाली बघताना वरची पापणी आणि पापणीचे केस बाहुलीवर येतात. पडदा तीन-चार सेंमी वर उचला किंवा पाठ दोन बोटं सरळ करा, म्हणजे तळाकडं बघतानाही डोळा उघडा राहील. मग कॅलिब्रेशन परत, जागा बदलली की जुनं उपयोगाचं नसतं. एवढं करूनही तळ लागला नाही तर टास्कबार आपोआप लपणारा करा आणि ऑप्टिकीची पट्टी वरच्या कडेला लावा. तळात महत्त्वाचं काही ठेवूच नका.

एक तपासायचं राहिलं. सगळा पडदा एकाच बाजूला सारखा सरकलेला वाटत असेल तर तो बसण्याच्या जागेचा दोष, फक्त एका बाजूचं चुकत असेल तर डोकं मधोमध नाही किंवा त्या बाजूनं काचेवर चमक येते. आणि तो खेळत असताना लहान भावंडं गालाला गाल लावून बसू देऊ नका. यंत्र दुसऱ्याचेच डोळे धरतं. बसायचं असेल तर मागं, दोन हात लांब.

पुढंमागं दिवसाही बायपॅप लागलं तर, यंत्र खालून बघतं म्हणून नाकावरच्या उंच मास्कची कड आड येते. त्या वेळी पडदा जरा वर आणि मास्कचा प्रकार डॉक्टरांशी बोलून. गेमसाठी म्हणून मास्क सैल करायचा नाही.

सोल्डर_लातूर

लाईटचं माझ्याकडं. लॅपटॉपला बॅटरी आहे, मग लाईट गेल्यावर यंत्र बंद पडायला नको. दोनच कारणं. एक तर यंत्र अजूनही चार्जरवर चालणाऱ्या हबमध्ये असेल, ते काढा आणि सरळ लॅपटॉपला लावा. नाहीतर बॅटरीवर येताच विंडोज वीज वाचवायला यूएसबी झोपवतं. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" आहे, ते बॅटरी आणि चार्जर दोन्हीकडं बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर टॅबवर "वीज वाचवण्यासाठी बंद करू द्या" ही खूणही काढा. पुढं डेस्कटॉप आणि मॉनिटर घेतलात तर मात्र ६०० व्हीएचा यूपीएस मधे लागेल. घरचा इन्व्हर्टर वीज बदलताना जो क्षण घेतो, तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो.

जिंतूरकर_काका

सतरंजी टांगली, खाट फिरवली, सकाळीही चालायलंय. सस्पेंडचंच होतं, बंद केलं. बुद्धिबळ रोज चाललंय. आता माइनक्राफ्टवर अडलंय. त्यानं उजवीकडं बघितलं की सगळं जग गरगर फिरतं, थांबतच नाही. आणि आयमाइनची बटणं कधी कधी गेमच्या मागं लपतात.

बीडचा_गेमर

बटणं लपणं सोपं आहे. गेम पूर्ण पडदाभर चालू केला की तो बाकी सगळ्यांच्या वर बसतो. माइनक्राफ्टमध्ये एफ११ दाबून खिडकीत आणा आणि खिडकी मोठी करा. बाकीच्या गेममध्ये "बॉर्डरलेस विंडो" असा पर्याय शोधा. बटणं दिसतात पण दाबली जात नाहीत असं एखाद्या गेममध्ये झालं, तर तो गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असतो. मग ऑप्टिकीही तसंच चालू करावं लागतं, नाहीतर विंडोज त्याच्या कळा पोचू देत नाही.

गरगरण्याचं कारण असं: अशा गेममध्ये माऊस कुठं आहे याला अर्थ नसतो, किती सरकला याला असतो. नजरेनं बाण थेट हलवला तर प्रत्येक नजरेची उडी म्हणजे एक झटका. मुलगा झाडाकडं बघतो, जग वळतं, झाड सरकतं, तो पुन्हा झाडाकडं बघतो, पुन्हा वळतं. म्हणून माऊस हलवणं बंद ठेवा आणि आयमाइनमधली नजरेनं वळायची पद्धत वापरा. त्यात पडद्याचा मधला भाग शांत असतो, तिथं बघितलं तर काही होत नाही. मधापासून जितकं लांब बघावं तितकं वेगानं वळतं. हा मधला शांत भाग सुरुवातीला मोठा ठेवा, पडद्याच्या रुंदीचा तिसरा हिस्सा तरी, आणि वळण्याचा वेग सगळ्यात कमी.

माइनक्राफ्टच्या माऊस सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी कमी करा आणि "रॉ इनपुट" बंद करून बघा. ऑटो-जंप चालू करा म्हणजे पायरी आली की उडी आपोआप. जीयूआय स्केल (पडद्यावरच्या बटणांचा आकार) मोठं करा, वस्तूंचे चौकोन तेव्हाच नजरेला लागतात.

पहिले काही दिवस चालणं आणि वळणं एकाच वेळी करायला लावू नका. उभं राहून वळायचं, थांबायचं, मग सरळ चालायचं. अंगठ्याचा स्विच ठोकळा ठेवण्याला द्या. नजरेनं जागा धरली, अंगठा दाबला, ठोकळा बसला. सपाट जगात दहा ठोकळ्यांची भिंत सरळ उभी राहिली की शांत भाग थोडा लहान करा आणि वेग एक घर वाढवा. दोन्ही एकाच दिवशी बदलू नका, बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळत नाही.